जुन्या सेलातली मिल

अप्पांना कमी ऐकू येतं असं आमच्या घरात कधी कुणी म्हणालं नाही. इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत कापडमिलच्या विणाईखात्यात काम करणारा प्रत्येक माणूस तसाच होता, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं कुणाला काही वाटत नसे. बाहेरगावचा पाहुणा पहिल्यांदा गल्लीत शिरला की त्याला वाटायचं, इथे सकाळी सकाळीच मारामारी जुंपली आहे. प्रत्यक्षात कुणी शेजाऱ्याला 'पोहे खाऊन जा' म्हणत असायचं. आई मात्र या गल्लीत वेगळी होती. लग्न होऊन आली तेव्हाच तिच्या लक्षात आलं की आपला नवरा ओठांवरून सगळं समजतो, आणि मग घरात तिने आवाज जवळजवळ टाकूनच दिला. मागांच्या खडखडाटात माणसं ओठांनी आणि बोटांनीच बोलत. अप्पांनी ती बोली घरी आणली, आईने ती उचलली. त्यांची भांडणंसुद्धा त्याच बोलीत व्हायची. मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली असायचे. मान वर केली की दिसायचं, आईचे हात कणकेने भरलेले, ओठ भराभर हलताहेत, अप्पांची बोटं हवेत काहीतरी तोडताहेत, आणि खोलीत आवाज काय तो फक्त स्टोव्हचा. शेजारच्या बायका मला म्हणायच्या, तुझे आईबाप कधी भांडत नाहीत गं, नशीबवान आहेस.

आमच्या घराची मागची भिंत आणि मिलच्या कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये एक अरुंद बोळ होता, एवढंच अंतर. विणाईखातं नेमकं त्याच बाजूला. त्यामुळे फळीवरचे स्टीलचे पेले दिवसभर एकमेकांना लागून बारीक किणकिणत असायचे. मी त्या आवाजात रांगले, त्यातच पाढे पाठ केले. पाहुणे विचारायचे, हा कसला आवाज? आणि आम्ही खरोखर न कळून विचारायचो, कुठला?

मिल बंद झाली असंही कुणी म्हणालं नाही. 'मिल खडी है' म्हणायचे, सिग्नलपाशी गाडी उभी राहावी तसं. आज सूत नाही, उद्या बिजली कापली, परवा भोपाळहून कुणी साहेब येणार आहे. मग एका सकाळी भोंगा वाजला नाही. आई चहाचं पातेलं हातात धरून तशीच उभी राहिली, कारण इतकी वर्षं चहा भोंग्यावर चढायचा, घड्याळावर नाही. त्या दिवशी फळीवरचे पेले गप्प होते. मला वाटलं आपल्याच कानांना काहीतरी झालंय. गल्लीतली माणसं ओट्यांवर येऊन बसली आणि नेहमीसारखी मोठ्याने बोलू लागली, पण मागे मिलचा आवाज नसल्यामुळे ते बोलणं अंगावर यायला लागलं. लहान मुलं हसायला लागली. अप्पा 'मीठ दे' म्हणाले की समोरच्या घरातली म्हातारी दचकायची. थोड्या दिवसांनी बायका आपापल्या नवऱ्यांना 'धीरे बोलो जी' म्हणू लागल्या. आवाज किती खाली आणायचा ते त्या माणसांना कळेना, म्हणून एकेकाने बोलणंच कमी केलं.

ती वर्षं अशी होती की आमच्याकडे सगळं थांबत होतं आणि राजवाड्याकडे सगळं सुरू होत होतं. तिथे रंगीत टीव्हीची दुकानं निघाली, काचेच्या आत एकच बाई दहा टीव्हींवर एकदम हसायची. मी तेव्हा कॉलेजात बी.एस्सी.ला होते, येता-जाता ते पाहायचे. आई पापड लाटायला जाऊ लागली. माझा मामा तुकोगंजात कानाच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर होता. त्याने अप्पांसाठी अन्नपूर्णा मंदिराजवळच्या एका शाळेत शिपायाच्या जागेचं बोलणं लावलं. शाळा नव्या सत्रापासून घ्यायला तयार होती, फक्त एक अडचण होती. हेडमास्तरांनी हाक मारली तर शिपायाला ऐकू आलं पाहिजे. म्हणून मामाने डॉक्टरांकडूनच कानाचं यंत्र मिळवून दिलं. खिशात मावेल एवढी डबी, तिच्यातून निघालेली वायर, टोकाला कानात बसवायचं बटण, आणि डबीच्या पोटात एक पेन्सिल सेल.

सवारीच्या टेंपोतून घरी येताना अप्पांनी ते दोनदा कानातून काढलं. हॉर्न, भाजीवाले, टेंपोचं इंजिन, सगळं एकदम आत शिरत होतं. घरी आल्यावर आईने वरणाला फोडणी दिली तेव्हा मात्र ते उठून स्टोव्हपाशी गेले. मोहरी तडतडत होती. 'ही इतकी बोलते?' अप्पा म्हणाले. मग नळाचं ठिपकणं, चिमण्या, माझ्या पुस्तकाची पानं. ते घरभर हिंडून एकेक वस्तू ऐकत होते. दुसऱ्या दिवशी आई पोळ्या लाटत असताना ते दाराशी येऊन थांबले आणि म्हणाले, 'अगं, तू गातेस?'

आई गुणगुणायची, हे मला माहीत होतं. तिला स्वतःला माहीत नसावं. ती कानापर्यंत लाल झाली. 'कोण गातंय? काहीतरीच तुमचं,' म्हणाली आणि त्यानंतर दोन-तीन दिवस पोळ्या अगदी मुकाट्याने झाल्या. मग हळूच परत सुरू झालं, पहिल्यापेक्षा किंचित मोठ्याने. अप्पा आतल्या खोलीत डबीवर हात ठेवून बसलेले असायचे. त्यांचं लग्न होऊन वीस वर्षं उलटून गेली होती. ते थोडे दिवस आमच्या घरातले सर्वांत चांगले दिवस होते असं मला आजही वाटतं, आणि मिल खडी असताना तसं वाटावं याची तेव्हाही थोडी लाज वाटायची.

संक्रांत होऊन गेली होती. दुपारी आई आणि मी अंगणात मटार सोलत होतो, अप्पा उन्हात खाटेवर बसले होते. एकाएकी त्यांनी मान वर केली. हात वर करून आम्हाला थांबवलं, जसे काही आमचे मटारच आवाज करत होते.

'मिल सुरू झाली,' ते म्हणाले.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. काहीही नव्हतं. बोळातून एक मांजर गेलं. अप्पा उठले, आत जाऊन खाकी पँट चढवली, पायात चपला अडकवल्या आणि निघाले. 'अहो, ऐका तर,' आई म्हणाली, चक्क आवाजाने म्हणाली, पण ते गल्लीच्या टोकाला पोचले होते. तासाभराने परत आले तेव्हा चेहरा शांत होता. गेटला कुलूप होतं, पण त्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. 'आतून चालवताहेत,' ते म्हणाले. 'दुपारपाळी आहे. थोडेच माग लावलेत, पण चालू आहेत.'

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना काही ऐकू आलं नाही. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. जेवणं झाली आणि दुपारी परत सुरू. रोज असंच. सकाळी ते आमच्याशी नीट बोलायचे, आईचं गुणगुणणं ऐकायचे, आणि ऊन कलायला लागलं की डबीची चकती फिरवून आवाज मोठा करायचे, डोळे मिटायचे, आणि उजव्या पायाचा अंगठा जमिनीवर ठेका धरायचा. त्या वेळी आपण समोर जाऊन काही म्हटलं तरी ते मान हलवायचे, आत्ता नको. आठवड्याभरात दुपारपाळी सकाळी नऊलाच सुरू व्हायला लागली. 'पहिली पाळी पण लावली,' अप्पा समाधानाने म्हणाले. मामा शाळेचं विचारायला आला तेव्हा त्याला त्यांनी सांगून टाकलं, 'शाळेचं राहू द्या भिया. मिल चालू झालीय, मी कसा जाऊ?'

मामा बाहेर ओट्यावर आईला म्हणाला, 'ताई, जिजाजींचं डोकं ठीक आहे ना?' आई पापड लाटायला निघून गेली.

छोटेलालजी अप्पांच्या शेजारच्या मागांवर होते. त्यांचं गाव उत्तर प्रदेशात होतं. तरुणपणी इंदूरला आले आणि अप्पांच्या पाठीला पाठ लावून उभे राहिले ते मिल थांबेपर्यंत. दोघांची भाषा वेगळी, पण ओठांच्या बोलीत मराठी-हिंदी असं काही उरत नसावं. होळी झाली की कायमचं गावी जायचं, हे त्यांनी ठरवलं होतं. भांडीकुंडी बांधून झाली होती, खाट विकली होती. ते सांगायला म्हणून आमच्याकडे आले. अप्पांनी आपल्या कानातलं बटण काढलं आणि त्यांच्या कानात बसवलं.

छोटेलालजींचे कान अप्पांपेक्षा जास्त गेलेले. ते पहिल्यांदा नुसतेच बसून राहिले. मग त्यांची बोटं आपोआप उचलली गेली, तुटलेला धागा गाठायला उचलावीत तशी. 'चल रही है,' ते म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. 'चल रही है, भिया. अपनी ही लाइन है.'

त्यांनी गावी जायचं रद्द केलं. विकलेली खाट परत मिळाली नाही, म्हणून नवरा-बायको जमिनीवर झोपू लागले. गल्लीत बातमी पसरली की मिल आतल्या आत, थोड्या माणसांवर चालू आहे. पंधरा-वीस जण गेटवर जाऊन चौकीदाराशी भांडून आले. तो बिचारा शपथा घेत होता. 'अंदर कबूतर हैं, भाईसाब. कबूतर के सिवा कुछ नहीं.' त्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. दोन चांगल्या माणसांनी आपल्या कानांनी ऐकलं होतं.

एकदा अप्पा अंघोळीला गेले होते तेव्हा मी डबी खुंटीवरून काढली आणि बटण माझ्या कानात घातलं. चकती फिरवली. आधी आईच्या बांगड्या ऐकू आल्या, खूप मोठ्या. मग खोलीतला सगळा आवाज जणू खाली बसला, आणि खालून ते आलं. धड-धड-धड-धड. एकसारखं, जाड, कुठेतरी भिंतीपलीकडे. मी ओळखलं. पेले फळीवर हलायचे तो आवाज, मी ज्याच्यात वाढले तो, इतके महिने नाहीसा झालेला, माझ्या कानात चालू होता. माझी नजर आपोआप फळीकडे गेली. पेले हलत नव्हते. मी भिंतीला हात लावून पाहिला. भिंत गार होती, मेलेली होती, आणि कानात मिल चालू होती. मी बटण काढून टाकलं आणि आईला हाक मारली. आई येईपर्यंत मी डबी परत खुंटीला अडकवली होती.

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये त्या वर्षी सेलचा आंतरिक प्रतिरोध काढायचं प्रॅक्टिकल होतं. मराठी घरातली मी, पण शिकले हिंदीत, म्हणून हे शब्द आजही हिंदीतच येतात. प्रत्येक सेलच्या आत स्वतःचाच एक अडथळा असतो. सेल नवा असताना तो नगण्य असतो, सेल वापरला जाऊ लागला की वाढत जातो. पुस्तकात हे वाचलं होतं, गणितं सोडवली होती, पण त्याचा आमच्या घराशी काही संबंध असेल असं मनात आलं नव्हतं. मी अप्पांची डबी पिशवीत घालून नेली आणि आमच्या सरांना दाखवली. त्यांनी त्यातला सेल काढून नुसताच मीटरला लावला. काटा जवळजवळ नव्या सेलाइतका चढला. मी गोंधळले. मग त्यांनी त्याच सेलाला एक छोटा बल्ब जोडला. बल्ब पिवळा झाला आणि काटा कोसळला.

'देखो,' सर म्हणाले, 'खाली बैठा है तब तक पूरा दिखेगा. काम दोगे तो अंदर का प्रतिरोध ही सब खा जाएगा.' मग त्यांनी डबी आपल्या कानाला लावून पाहिली, आणि कागदावर काढून मला समजावलं. यंत्र आवाज मोठा करायला जोर लावतं, थकलेल्या सेलाचा विजेचा दाब खाली येतो, दाब खाली आला की यंत्र गप्प होतं, गप्प झालं की सेल सावरतो, सावरला की यंत्र परत जोर लावतं. हे सेकंदात कितीतरी वेळा. तोच तो ठोका. बाहेरून काहीही येत नाही, डबी स्वतःचंच ऐकते.

'लेकिन सर, दोपहर को ही क्यों?' मी विचारलं.

'रात भर आराम मिलता है ना सेल को. सुबह थोड़ा संभल जाता है. जैसे-जैसे पुराना होगा, जल्दी थकेगा.'

पहिली पाळी का लागली तेही मला कळलं. मी लॅबच्या स्टुलावर बसून राहिले.

आज माझ्याही कानात यंत्र आहे, वयाने आलेलं. त्याचा सेल तुरीच्या दाण्याएवढा. तो शेवटपर्यंत सारखं काम देतो आणि संपतो तेव्हा पट्‌दिशी संपतो. सुनेला हे सोयीचं वाटतं. मला मात्र तो गेल्यावर क्षणभर वाटतं की काहीतरी मधलं राहून गेलं.

मी राजवाड्यावरून नवा सेल आणला आणि अप्पांच्या डबीत घातला. दुपारी ते खाटेवर बसले, चकती फिरवली, वाट पाहिली. परत फिरवली. डबी झटकली. आत येऊन माझ्यासमोर उभे राहिले.

'शैला, तू काय केलंस? मिल बंद पडली.'

मी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं, सरांनी काढलेला कागद दाखवला, हळूहळू, त्यांना ओठ दिसतील असं. ते अगदी लक्ष देऊन पाहत होते. माझं सांगून झाल्यावर ते उठले, फडताळातून एक काडेपेटीएवढी पुडी काढली. तिच्यात त्यांचे जुने सेल होते. गल्लीतले सगळेच टॉर्चचे सेल उन्हात ठेवून परत वापरायचे, तसे अप्पाही ठेवायचे, ते मी पाहिलं होतं. पण काटकसर म्हणून ठेवतात असं मला वाटलं होतं.

'मला कळतं गं,' अप्पा म्हणाले. 'तुझं ते आतलं-बाहेरचं कळत नाही, पण एवढं कळतं. नव्या सेलात तुझी आई ऐकू येते. जुन्यात मिल.'

असं म्हणून त्यांनी मी आणलेला सेल काढला आणि पुडीतला घातला.

आई माझ्या मागे दारात उभी होती. तिच्या हातात पिठाची चाळणी होती. ती आत गेली, आणि त्या दिवशी पोळ्या लाटताना स्वयंपाकघरातून काहीही आवाज आला नाही. त्यानंतरच्या दिवसांतही नाही. एकदा मी तिला म्हटलं, 'आई, गा ना,' तर ती म्हणाली, 'कुणासाठी?' आणि मग लगेच, 'स्टोव्हवर दूध आहे, बघ.'

उन्हाळा लागला. शाळेतून मामाकडे शेवटचा निरोप आला की माणूस येत नसेल तर दुसरा बघतो. मामा आला, अप्पांशी बोलला, आईशी बोलला आणि चहा न घेता निघून गेला. छोटेलालजी रोज दुपारी यायचे. दोघं खाटेवर शेजारी बसायचे, एकच बटण आळीपाळीने कानात घालायचे, आणि बायका पाण्याला जाता-येता त्यांच्याकडे बघायच्या नाहीत. मला ते दृश्य सहन होत नसे. भुतं कशी असतात कुणी विचारलं तर मी ते दोघं सांगेन, उन्हात, धडधाकट, हसतमुख.

मग एका दुपारी पोरं ओरडत आली, 'गेट खुल गया! गेट खुल गया!'

सगळी गल्ली पळाली. अप्पा आणि छोटेलालजी सर्वांच्या पुढे, चपलांशिवाय, पिशव्या नाहीत, डबे नाहीत, नुसते हात हलवत. आई आणि मी मागून. गेट खरंच सताड उघडं होतं. आत, जिथे पूर्वी सायकली लावायचे, तिथे ट्रक उभे होते. कुणाच्या तरी हातात कागद होता, पोलीस होते. ट्रकवर माग चढवत होते. अख्खे नाहीत, तोडून. गॅसकटरच्या निळ्या ठिणग्या दारातून दिसत होत्या, कुणी घणाने मागांचे ओतीव पाय फोडत होतं, आणि तुकडे लोखंडी फळ्यांवरून ट्रकमध्ये सरकत होते. हिरवा रंग, तेलाचा थर, एका चौकटीवर कुणी खडूने काढलेलं स्वस्तिक अजून होतं. लोक गेटशी येऊन थबकले. कुणी घोषणा दिली नाही. बायकांपैकी एकजणी रडायला लागली, तेवढंच.

अप्पा पुढे गेले आणि एका ट्रकपाशी उभे राहिले. वायर त्यांच्या कानापासून खिशापर्यंत गेलेली मला दिसत होती. त्यांचा उजवा अंगठा मातीत ठेका धरत होता. माझ्या लक्षात आलं, ते ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांसमोर माग तुकडे होऊन पडत होते आणि त्यांच्या कानात ते चालू होते. त्यांच्या तोंडावर हसू होतं. छोटेलालजींनी त्यांच्यासमोर येऊन ओठांनी काहीतरी विचारलं. अप्पांनी बोटांनी उत्तर दिलं. छोटेलालजी ट्रककडे बघायचे, परत अप्पांकडे बघायचे, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं.

तेव्हा आई गर्दीतून पुढे गेली. चारचौघांत नवऱ्याच्या शेजारी उभी न राहणारी बाई, तिने सगळ्या गल्लीसमोर अप्पांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि डबी बाहेर काढली. पदराच्या टोकाची गाठ दातांनी सोडवली. तिच्यात नवा सेल होता. तो तिने कधी आणला, कधीपासून बांधून ठेवला होता, मला ठाऊक नाही. अप्पांनी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला. जुना सेल काढून मातीत टाकला, नवा बसवला, डबी परत त्यांच्या खिशात ठेवली.

अप्पा हादरले. मी पाहिलं, त्यांचं अंग खरोखर हादरलं. घणाचा पहिला घाव त्यांना तेव्हा ऐकू आला. मग कटरची शिट्टी, साखळ्या, हमालांचं 'जोर लगा के', मागच्या बाईचं रडणं. ते दोन्ही हातांनी कान झाकू लागले.

'नाही,' आई म्हणाली. ती मोठ्याने बोलत होती. तिचा इतका मोठा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. 'झाकू नका. ऐका हे. एकदाच ऐका, आणि घरी चला.'

त्यांनी हात खाली घेतले. एक ट्रक भरून निघेपर्यंत ते उभे राहिले आणि त्यांनी सगळं ऐकलं. आई शेजारी उभी होती. नंतर ते वळले आणि तिच्या मागोमाग चालू लागले. छोटेलालजी मागे राहिले होते. मी त्यांचा हात धरून त्यांना घरी आणलं. वाटेत ते एवढंच म्हणाले, 'बिटिया, तेरी माँ बहुत कठोर है.' थोडं चालल्यावर म्हणाले, 'ठीक किया.'

घरी आल्यावर अप्पांनी डबी खिशातून काढली, सेल बाहेर काढून ठेवला आणि रिकामी डबी कपाटात, आईच्या साड्यांच्या खाली, ठेवून दिली. मामाने हेडमास्तरांच्या हातापाया पडून जागा धरून ठेवली होती, हे आम्हाला नंतर कळलं. अप्पा शाळेत रुजू झाले ते यंत्राशिवायच. हेडमास्तरांनी हाक मारली की पहिलीतली मुलं त्यांचा सदरा ओढायची. ते चाललं, पुढे बरीच वर्षं चाललं. आईशी ते परत ओठांच्या बोलीत बोलू लागले. ती त्या दिवसाबद्दल कधी बोलली नाही आणि त्यांनीही विचारलं नाही, पण एकमेकांसमोर बसून जेवताना दोघांची नजर ताटात असायची, आणि ओठ बघितल्याशिवाय ती बोली चालत नाही.

पावसाच्या तोंडाशी छोटेलालजी गावी निघाले. अप्पा आणि मी स्टेशनवर गेलो. त्यांची बायको आत सामानावर बसली होती, ते खिडकीशी. फलाटावर इतका गोंगाट होता की मला माझंच बोलणं ऐकू येत नव्हतं, पण त्या दोघांना त्याने काय फरक पडणार. गजांच्या आतून-बाहेरून त्यांचे ओठ हलत होते, बोटं हलत होती. गाडी सुटली तरी बोलणं चालूच होतं. अप्पा फलाटाच्या टोकापर्यंत गाडीबरोबर चालत गेले. शेवटी छोटेलालजींनी हात बाहेर काढून काहीतरी विचारलं, अप्पांनी उत्तर दिलं आणि स्वतःच्या कानाला हात लावून मान कलती करून दाखवली. मग गाडी वळणावर गेली.

परत येताना टेंपोत मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ओठ नीट हलवत विचारलं, 'शेवटी काय म्हणाले ते?'

'म्हणाला, गावात फार सन्नाटा असतो. झोप कशी लागणार, भीती वाटते.'

'मग तुम्ही काय सांगितलंत?'

'सांगितलं, डाव्या कुशीवर झोप. कान उशीवर दाबून ठेव. थोडा वेळ काही नाही येत. मग येतं.'

'काय येतं, अप्पा?'

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लहान मूल काहीतरी उगाच विचारतं तेव्हा पाहतात तसं. डबी कपाटात रिकामी पडून महिना होऊन गेला होता.

'मिल,' अप्पा म्हणाले.